माझ्या नावाच्या तीन पिशव्या

गेल्या महिन्यात जिंतूरकडच्या एका बाईंचा फोन आला. त्यांच्या सुनेचं ऑपरेशन ठरलं आहे आणि डॉक्टरांनी त्याआधी तिचं स्वतःचंच रक्त काढून ठेवायला सांगितलं आहे. कुणीतरी त्यांना माझा नंबर दिला होता. "तुमचं बी असंच झालतं म्हणे. पोरगी लय भेलीय. दुखतं का ते?" मी म्हटलं, सुई टोचते तेवढंच. त्यांना बरं वाटलं. फोन ठेवल्यावर मला मात्र चुकल्यासारखं वाटत राहिलं. सुईचं खरंच काही नव्हतं. बाकीचं जे होतं ते फोनवर सांगता येईना, म्हणून लिहायला बसले.

मी वैशाली. परभणीत राहते आणि बोरीच्या पुढच्या एका खेड्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिकवते. नवरा मिलिंद एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक आहे. एकच मुलगी, प्रज्ञा. ती तेव्हा बारावीला होती. सासूबाई आमच्यातच असतात, त्यांना मी आत्याबाई म्हणते.

दोन-तीन वर्षं मी पाळीचा त्रास अंगावर काढत होते. सुरू झाली की थांबायचं नाव नाही. शाळेत जाताना गडद रंगाचीच साडी, पिशवीत जास्तीचा परकर आणि जीपमधून उतरताना सीटकडे वळून एक नजर. ज्या बायकांचं असं झालंय त्यांना पुढचं सांगायला नको. जिना चढताना धाप लागायची, तर मी म्हणायचे वय झालं. बेचाळिसाव्या वर्षी. मग पोळ्याच्या सुमाराला तिसरीच्या वर्गात फळ्यावर भागाकार लिहिता लिहिता हातातला खडू पडला. पुढचं मला आठवत नाही. शुद्धीवर आले तेव्हा पोरं भिंतीला चिकटून उभी होती आणि हेडमास्तर हजेरीपटाने मला वारा घालत होते.

परभणीतल्या डॉक्टरबाईंनी सोनोग्राफी केली. गर्भाशयात गाठी होत्या, त्यातली एक चांगलीच मोठी. पिशवी काढावी लागेल, म्हणाल्या. हिमोग्लोबिन सहाच्या खाली गेलं होतं, त्यामुळे आधी रक्त चढवायचं, मग ऑपरेशन. रक्ताची सोय करून ठेवा, एवढंच त्यांनी सांगितलं.

मिलिंद चक्क हसला. आमच्या वस्तीत दर जयंतीला रक्तदान शिबिर होतं आणि कित्येक वर्षं ते मिलिंदच भरवतो. विहाराच्या बाजूला मांडव पडतो, पोरं रांग लावतात, दुपारपर्यंत खाटा रिकाम्या राहत नाहीत. तो डॉक्टरबाईंना म्हणाला, "मॅडम, दुसरं काय बी मागा. रक्ताची फिकीर करू नका."

मी स्वतः त्या शिबिरात कधीच रक्त देऊ शकले नव्हते. दर वर्षी रांगेत उभी राहायचे, रक्तपेढीवाले बोटाला टोचून बघायचे आणि म्हणायचे, ताई, तुमच्यातच कमी आहे. मग मी नावं लिहून घ्यायच्या टेबलावर जाऊन बसायचे. प्रज्ञाच्या वेळच्या माझ्या बाळंतपणाच्या कार्डावर रक्तगट ओ पॉझिटिव्ह असा लिहिला होता. त्याच्यापुढे कुणी कधी बघितलं नव्हतं.

*

रक्तपेढीतल्या मुजीबभाईंची आणि मिलिंदची शिबिरामुळे जुनी ओळख. त्यांनी फोन करून माझं सॅम्पल परत मागवलं. मग तिसऱ्यांदा मागवलं. ओ गटाची जी पिशवी माझ्या रक्ताशी जुळवून बघावी ती जुळेना. मिलिंद वस्तीतली पाच-सहा पोरं घेऊन गेला, त्यांचंही जुळेना. मुजीबभाईंनी नमुना मुंबईला पाठवला आणि तोवर मला कुणाचंही रक्त लावू नका असं डॉक्टरबाईंना बजावून ठेवलं. हे त्यांचे माझ्यावर उपकारच आहेत.

रिपोर्ट आला त्या दिवशी डॉक्टरबाईंनी आम्हा दोघांना आत बोलावलं आणि दार लावून घेतलं. मला वाटलं कॅन्सर निघाला. त्यांनी आधी विचारलं, तुमचे आईवडील नात्यातले का? मी हो म्हटलं; माझी आई म्हणजे माझ्या वडिलांच्या मामाची मुलगी. मग त्यांनी समजावून सांगितलं. माझा गट ओ दिसतो, पण तो ओ नाही. त्याला बॉम्बे ब्लड ग्रुप म्हणतात. बाकी सगळ्या माणसांच्या रक्तात असलेली एक गोष्ट माझ्या रक्तात जन्मापासून नाही. त्यामुळे दुसऱ्या कुणाचंही रक्त माझ्या शरीराला शत्रूसारखं वाटतं.

मिलिंदने विचारलं, "मंजी कुणाचंच चालत न्हाई?"

"ह्याच गटाच्या माणसाचं चालतं. अशी माणसं फार थोडी असतात."

"आन् माझं?"

"तुमचं दिलं तर त्या वाचणार नाहीत."

मिलिंद आपल्या दंडाकडे बघत राहिला. रात्री जेवताना आत्याबाईंनी काय झालं म्हणून विचारलं, तर म्हणाला, "सगळ्या गावाला दिलं, घरात देता येत न्हाई."

पुढचे दोन आठवडे त्याने फोनवर काढले. ह्या गटाच्या लोकांच्या नावांची यादी ठेवणारी काही मंडळी असतात, त्यांच्यापर्यंत तो पोचला. एक जण कोल्हापूरकडे होता, त्याने नुकतंच कुणाला तरी दिलं होतं. एकाचं लग्न तोंडावर होतं. एकाचा फोन लागतच नव्हता. अडीअडचणीला ही माणसं धावून येतात, पण ऑपरेशनच्या टेबलावर रक्त वाहू लागलं की द्यायचं रक्त त्याच क्षणी हाताशी असावं लागतं. दोन डॉक्टरांनी आम्हाला सरळ सांगितलं की ही जिम्मेदारी आम्ही घेत नाही, मुंबईला जा. मुंबईत कुणाकडे राहायचं, किती दिवस, प्रज्ञाचं काय, काही उमगेना.

शेवटी आमच्याच डॉक्टरबाई म्हणाल्या की एक मार्ग आहे. तुमचं रक्त तुम्हीच द्यायचं. थोडं थोडं काढून रक्तपेढीत ठेवायचं आणि ऑपरेशनला तेच परत चढवायचं. मला इतका आनंद झाला की मी उद्याच काढा म्हणाले. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि हळूच म्हणाल्या, "वैशालीताई, काढायला आधी अंगात असायला पाहिजे ना."

*

मग सुरू झालं वाट बघणं. पाळी बंद ठेवायची इंजेक्शनं आणि सलाईनमधून लोह. दवाखान्याच्या खिडकीशेजारची खाट मला ठरलेली होती. लोहाचं औषध काळपट तपकिरी असतं, नळीतून थेंब थेंब उतरतं, आणि तोंडाला गंजलेला खिळा चोखल्यासारखी चव येते. बाजूच्या खाटेवर रोज नवी बाई असायची. बाळंत व्हायची, पेढे वाटायची आणि जायची. मी तिथेच.

वस्तीत बातमी फिरली. लोकांना रक्त देता येत नव्हतं, मग ते खायला घेऊन येऊ लागले. कुणी बीट, कुणी खजूर, कुणी गुळाचे लाडू. आत्याबाई सकाळीच बाजारातून बकऱ्याची कलेजी आणायच्या आणि तव्यावर परतून माझ्या समोर बसायच्या. संपेपर्यंत उठायच्या नाहीत. मी खात होते. नको वाटायचं तरी खात होते.

पण रक्त आपल्या म्हणण्याने वाढत नाही. मी पोरांना शिकवते, मेहनत केली की येतं. इथे मेहनत करायला काही जागाच नव्हती. मी निजून राहायचे आणि माझ्या हाडांच्या आत काहीतरी होईल म्हणून थांबायचे. दर आठवड्याला बोट टोचायचे. कधी अर्ध्याने वाढलेलं असायचं, कधी जिथल्या तिथे. एकदा तर इंजेक्शन असूनही मधेच रक्त जायला लागलं आणि महिनाभराचं लोह चार दिवसांत वाहून गेलं. त्या दिवशी मी न्हाणीघरात नळ सोडून रडले. आपलंच शरीर आपल्याला फितूर झालंय असं वाटत होतं.

घरातही सगळं सुरळीत नव्हतं. प्रज्ञा कॉलेज करून स्वयंपाकाला लागायची. एके दिवशी आत्याबाई तिला म्हणाल्या की आईला आधी वाढ, तर तिने ताट ओट्यावर आपटलं. "या घरात सगळे आईच्या रक्ताचंच बोलतात. माझी बारावी हाय हे कुणाच्या ध्यानात तरी हाय का?" आत्याबाई चिडल्या. मला राग आला नाही. खरंच होतं ते. मी तिला जवळ बोलावलं तर ती आली नाही, खोलीत जाऊन वाचत बसली. नंतर बघते तर पुस्तक उघडं आणि ती भिंतीकडे तोंड करून निजलेली. मी दारातच उभी राहिले. तिला काय सांगणार होते? की काही होणार नाही? ते मलाच माहीत नव्हतं.

*

डॉक्टरबाईंनी सांगितलं होतं की सख्ख्या भावंडांत हा गट निघण्याची आशा असते. माझी धाकटी बहीण परभणीतच दिली आहे, तिचा साधा बी पॉझिटिव्ह निघाला. राहिला भाऊ, आनंदा. तो मानवतजवळच्या आमच्या गावी असतो आणि दसरा झाला की बायकोला घेऊन ऊसतोडीला जातो. त्या साली तो सांगली भागातल्या एका कारखान्यावर होता. मुकादम सोडत नव्हता. आनंदा त्याच्याशी भांडून, बायकोला टोळीवर ठेवून, एसटीने परभणीला आला. उसाच्या पात्याने हात चिरलेले, ओठ फुटलेले. आल्या आल्या म्हणाला, "आक्का, माझ्यात लय हाय. पाहिजे तेवढं घे."

आणि त्याचा गट जुळला. मुजीबभाईंनी स्वतः येऊन सांगितलं. मिलिंदने आनंदाला मिठी मारली, आत्याबाईंनी त्याच्यावरून मीठ-मोहऱ्या उतरवल्या. त्या संध्याकाळी आमच्या घरात किती तरी दिवसांनी टीव्ही लागला.

दुसऱ्या दिवशी रक्तपेढीतून निरोप आला, आनंदाला एकट्याला पाठवा. मी आणि मिलिंद बाहेर बाकावर बसलो. त्याला बराच वेळ लागला. बाहेर आला तेव्हा हसायचा प्रयत्न करत होता.

"आक्का, माझं बी चालत न्हाई."

"कामून?"

"कावीळ हाय म्हणं रक्तात. सी का काय ते. मला तर काहीच होत न्हाई. मी तर ऊस तोडायलोय."

हेपेटायटिस सी. कुठल्या तरी सुईतून आली असेल किंवा वस्तऱ्यातून, किती वर्षांपासून आहे तेही सांगता येत नाही, असं तिथल्या मॅडम म्हणाल्या. माझ्यासाठी आला नसता तर यकृत पार खराब होईपर्यंत त्याला कळलंही नसतं. आज मी हे चांगलं झालं म्हणून सांगते. पण त्या बाकावर बसले असताना माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं तर, आता माझं कसं होणार. भाऊ शेजारी बसून चिरलेल्या हातांकडे बघत होता आणि मी माझ्या रक्ताच्या पिशवीचा विचार करत होते. आजारपण माणसाला एवढं लहान करतं. नंतर मी त्याचा हात धरला. तो म्हणाला, "तुझ्यासाठी आलो आन् माझंच घिऊन चाललो." त्याला वाटत होतं त्याने मला फसवलं. मी किती सांगितलं तरी ते त्याच्या डोक्यातून जाईना.

*

संक्रांत झाली आणि माझं हिमोग्लोबिन साडेअकरावर आलं. डॉक्टरबाईंनी तीन पिशव्या काढायचं ठरवलं, मधे दहा-दहा दिवस सोडून, आणि शेवटच्या पिशवीनंतर आठवड्याने ऑपरेशन. काढलेलं रक्त पस्तीस दिवस टिकतं, त्याच्या आत सगळं बसलं पाहिजे.

पहिल्या दिवशी मला मुळीच भीती वाटली नाही. खुर्ची मागे रेलणारी, हातात दाबायला मऊ चेंडू. मुजीबभाईंनी पिशवीवर चिठ्ठी चिकटवली आणि मला वाचून दाखवली. माझं पूर्ण नाव, गट आणि खाली लाल अक्षरात, फक्त स्वतःसाठी. मी पिशवीकडे बघत होते. ती छोट्या पाळण्यासारख्या यंत्रात डावी-उजवीकडे हलत होती आणि हळूहळू फुगत होती. एवढे महिने औषधं खाऊन, कलेजी खाऊन, रडून जे जमवलं ते डोळ्यांदेखत बाहेर चाललं होतं. शेवटी मुजीबभाईंनी ती माझ्या तळहातावर ठेवली. गरम होती. मला ती द्यावीशी वाटेना.

जिंतूरच्या बाईंनी विचारलं होतं त्याचं उत्तर मी इथे नीट देते. त्या दिवशी दुखत नाही. दुसऱ्या दिवसापासून पाय जड होतात. दुसऱ्या पिशवीनंतर मला अंघोळीला पाट घेऊन बसावं लागलं. तिसरीनंतर मी पुन्हा पोळ्याला होते तशीच पांढरीफटक झाले. बरं होण्यासाठी आधी आजारी पडायचं असला हा प्रकार आहे. सोबत माणूस असू द्या, पाणी भरपूर प्या आणि कुणी सुकलीस म्हटलं तर ऐकून सोडून द्या.

तिन्ही पिशव्या फ्रीजमध्ये लागल्या. ऑपरेशनची तारीख आली. मिलिंदने रजा टाकली. आणि दोन दिवस आधी मला ताप भरला.

साधा ताप, मग खोकला. छातीत घरघर. भूल देणारे डॉक्टर आले, छाती तपासली आणि मान हलवली. ह्या छातीवर भूल देता येणार नाही, दोन आठवडे पुढे ढकला. मी त्यांना म्हणाले की माझी पहिली पिशवी तोवर वाया जाईल. त्यांना वाईट वाटलं असणार, पण ते म्हणाले की पिशवी वाचवायला मी तुम्हाला धोक्यात घालू शकत नाही. त्यांचं बरोबर होतं. सगळ्यांचंच बरोबर होतं आणि त्यात माझं रक्त चाललं होतं.

मिलिंद मुजीबभाईंना म्हणाला, जुनी पिशवी आता हिलाच परत चढवा आणि नवीन काढा. तसं करतात म्हणे कधी कधी. पण अंगात ताप असताना ना चढवता येत होतं, ना काढता. मी खाटेवर पडून कॅलेंडरकडे बघायचे. तिकडे रक्तपेढीत कुणी हातही न लावता फ्रीजमधली एक पिशवी आपोआप निकामी होत होती आणि मी फक्त खोकत होते.

मुदत संपली त्या दिवशी मिलिंद रक्तपेढीत गेला. त्याने ती पिशवी मागितली. कशासाठी, हे त्यालाही माहीत नव्हतं. देता येत नाही, नियमाप्रमाणे नष्ट करावी लागते, असं मुजीबभाईंनी सांगितलं. घरी येऊन तो मला म्हणाला, "मी म्हटलं, निदान बघू तरी द्या. त्यांनी काचंतून दाखवली." एवढं बोलून तो गॅलरीत गेला. हा माणूस वीस वर्षं एसटीची इंजिनं उघडतोय, हात घातला की दुरुस्त. मी त्याला पाठमोरा बघत होते.

*

दोन पिशव्यांवर ऑपरेशन करायचं की पुन्हा तिसरी काढायची, हे डॉक्टरबाईंनी आमच्यावर सोडलं. तिसरी काढायची तर मी अजून अशक्त होणार, थांबायचं तर दुसरीही मुदतीला आलेली. आम्ही दोनवरच करा म्हणालो. आत्याबाईंनी मला विचारलं, भीती वाटते का? मी हो म्हटलं. त्या म्हणाल्या, मला बी, आणि माझी वेणी घालायला बसल्या.

सकाळी मला आत नेताना आनंदा स्ट्रेचरच्या बाजूने चालत होता. त्याची औषधं सुरू झाली होती. दारापर्यंत तो गाडीची दांडी धरून आला.

आतलं मला काही माहीत नाही. बाहेरचं मी नंतर मिलिंदकडून तुकड्या-तुकड्याने काढून घेतलं. गाठ मागच्या बाजूला चिकटलेली निघाली. ठरल्यापेक्षा जास्त रक्त गेलं. आधी एक पिशवी लावली, लगेच दुसरी. मग डॉक्टरबाई बाहेर आल्या आणि त्यांनी मिलिंदला सांगितलं की दोन्ही संपल्या, आम्ही प्रयत्न करतोय, आता रक्त थांबलं पाहिजे. एवढंच बोलून त्या आत गेल्या.

त्या वेळी दवाखान्याच्या आवारात आमच्या वस्तीतली तीस-चाळीस माणसं होती. बायका सावलीला बसल्या होत्या, पोरं मोटारसायकलींवर. मिलिंदने त्यांना आदल्या दिवशीच सांगितलं होतं की येऊ नका, तुमचं चालत नाही. तरी आली. तो त्यांच्यावर ओरडला. इथं काय काम हाय तुमचं, जा घरी. तेव्हा विहाराची झाडलोट बघणारे सोनाजीबाबा त्याला म्हणाले, "रक्त न्हाई चालत तर न्हाई. बसायला तर चालतंय ना?" आणि बसून राहिले. कुणी हललं नाही. मिलिंदही मग त्यांच्यात जाऊन मातीत बसला. पुढचे दीड-दोन तास आयुष्यात परत कधी आठवू नयेत असं त्याला वाटतं.

रक्त थांबलं. का थांबलं, कसं थांबलं, मी डॉक्टरबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, आम्ही टाके घातले, औषधं दिली, आणि थांबलं. मला जाग आली तेव्हा दुसरी पिशवी रिकामी होऊन स्टँडवर लोंबत होती. चिठ्ठीची बाजू माझ्याकडे वळलेली होती. मला डोळ्यांसमोर नीट दिसत नव्हतं, पण ते माझं नाव आहे हे कळलं. प्रज्ञा पायाशी बसून माझा तळवा चोळत होती, इतका जोरात की दुखत होतं. मी तिला थांबवलं नाही.

*

ह्याला आता दीड वर्ष होत आलं. मी शाळेत जाते. प्रज्ञा पास झाली. तिला हवे होते तेवढे मार्क पडले नाहीत, आणि त्याचं कारण आम्ही दोघी कधी बोलत नाही. आनंदाच्या गोळ्या सिव्हिल हॉस्पिटलमधून मिळाल्या, तीन महिने घेतल्या आणि रिपोर्ट साफ आला. त्याला रक्त मात्र आता कधीच देता येणार नाही.

बरी झाल्यावर मुजीबभाईंनी माझं नाव ह्या गटाच्या रक्तदात्यांत घातलं. यंदा जूनमध्ये एक दिवस मधल्या सुट्टीत फोन वाजला. नांदेडकडचा एक माणूस होता, असं रक्त शोधून देण्याचं काम स्वतःहून करणारा. "ताई, एक बाळंतीण हाय. पहिलटकरीण. रक्त थांबना. तुमचाच गट हाय."

मी हेडमास्तरांना सांगून निघाले. जीप मिळेना, तर एका पालकाच्या मोटारसायकलवर परभणीला आले. रक्तपेढीत मुजीबभाईंनी बोट टोचलं. अकराच्या थोडं वर. ते म्हणाले, न्हाई काढता येत. मी म्हटलं, एवढ्यावरच तर तुम्ही माझं काढलं होतं. ते म्हणाले, "ते तुमचं तुम्हालाच होतं. दुसऱ्याला द्यायचं तर साडेबारा लागतं. तुमी पडलात तर तुम्हाला कोण देणार?" मी अर्धी पिशवी काढा म्हणाले. मी भांडले सुद्धा. ते खुर्ची घेऊन माझ्यासमोर बसून राहिले, पण सुई हातात घेतली नाही.

मी नांदेडच्या माणसाला फोन करून सांगितलं. तो म्हणाला बघतो, कर्नाटकातला एक जण निघालाय, पोचेल का बघू. त्या रात्री मी जेवले नाही. कुठल्या दवाखान्यात, बाहेर कोण बसलंय, सगळं दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मीच फोन लावला. पोचला का तो माणूस, विचारलं.

"आता गरज न्हाई, ताई," तो म्हणाला.

रक्त थांबलं तरी हेच म्हणतात आणि बाई गेली तरी हेच म्हणतात. मी पुढचं विचारलं नाही. त्याच्या आवाजावरूनही काही कळेना. तो थकलेला होता, एवढंच. तब्येत सांभाळा म्हणून त्याने फोन ठेवला. त्याचा नंबर अजून माझ्याकडे आहे. मी परत लावलेला नाही.

तेव्हापासून लोहाची गोळी मी एक दिवस चुकवलेली नाही. परवा तपासून आले. बारा भरलं. अजून अर्धा कमी आहे.